जुन्या इमारतीत सांडपाणी उलटे का येते? : निदान, हिशेब आणि उपाय

या पाठात आपण एक रोजचा प्रश्न अभ्यासणार आहोत. मोरीतले पाणी जात नाही, संडासात पाणी वर चढते, किंवा कोणी काहीही ओतलेले नसताना तळमजल्याच्या न्हाणीघरात घाण पाणी जमिनीतून वर येते. इमारत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची असेल, तर असे वारंवार घडते. प्लंबर येतो, स्प्रिंग घालतो, पाणी मोकळे होते आणि दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा होतो. असे का होते आणि नेमका दोष कसा शोधायचा, हे समजण्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी असण्याची गरज नाही. अकरावी-बारावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी जमायला हव्यात :

१. जुन्या इमारतीच्या मलवाहिनीची रचना ओळखणे.
२. पाणी जिथे वर येते आणि अडथळा जिथे असतो, त्या दोन जागा वेगळ्या का असतात, ते सांगणे.
३. पाइपाचा ढाळ मोजून पाण्याचा वेग काढणे.
४. लक्षणांवरून अडथळ्याची जागा ठरवणे.
५. कोणते उपाय सुरक्षित आणि कोणते धोकादायक, हे ओळखणे.

१. जुन्या इमारतीची रचना

साधारण १९८० च्या आधी भारतीय शहरांत बांधलेल्या बहुतेक इमारतींत दोन पाइपांची पद्धत दिसते. इमारतीच्या मागच्या भिंतीवर दोन जाड उभे पाइप असतात. एकात फक्त संडासाचा मैला येतो, त्याला सॉइल पाइप म्हणतात. दुसऱ्यात न्हाणीघर, मोरी आणि स्वयंपाकघराचे पाणी येते, तो वेस्ट पाइप. पाइपातली हवा बाहेर जावी म्हणून त्यांची टोके गच्चीच्या वर उघडी ठेवलेली असतात.

सॉइल पाइप खाली थेट चेंबरला जोडतात. वेस्ट पाइप मात्र थेट जोडत नाहीत. तो जमिनीलगतच्या गली ट्रॅपमध्ये सोडतात आणि तिथून पाणी चेंबरमध्ये जाते. गली ट्रॅपवर लोखंडी जाळी असते. ती कचरा अडवते, पण तिचे आणखी एक काम आहे. ते आपण पुढे पाहू.

न्हाणीघराच्या जमिनीत जाळीखाली जो वाकडा भाग असतो, त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात. चेन्नई किंवा गुवाहाटीच्या अभियांत्रिकी वर्गातही हाच शब्द शिकवला जातो. तो आपल्या न्हाणीघरातलाच आहे, हे मराठी वाचकाच्या लगेच लक्षात येईल. या वाकड्या भागात साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी कायम साठून राहते. पाइपातला दुर्गंध, वायू आणि झुरळे घरात येऊ नयेत म्हणून हा पाण्याचा अडसर असतो. त्याला वॉटर सील म्हणतात.

एका चेंबरमधून दुसऱ्यात, असे करत मैलापाणी आवाराच्या कडेपर्यंत जाते. जुन्या इमारतींत शेवटच्या चेंबरमध्ये इंटरसेप्टिंग ट्रॅप असतो. रस्त्यातल्या गटाराचे वायू आवारात येऊ नयेत, यासाठी तो बसवलेला असतो. त्यापुढे महापालिकेचे गटार सुरू होते.

पाइप कशाचे आहेत, हेही पाहून ठेवा. भिंतीवरचे जुने पाइप बहुधा बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे असतात. त्यांचे सांधे तागाची दोरी ठोसून आणि वर वितळलेले शिसे ओतून बंद केलेले असतात. जमिनीखालचे पाइप चिनी मातीसारखे चकचकीत, म्हणजे स्टोनवेअरचे असतात. स्टोनवेअरच्या एका पाइपाची लांबी साधारण ६० ते ९० सेंटिमीटरच असते. आवारात ३० मीटर लांबीची मलवाहिनी असेल आणि एकेक पाइप ६० सेंटिमीटरचा असेल, तर सुमारे ५० सांधे होतात. प्रत्येक सांधा सिमेंटने भरलेला असतो आणि प्रत्येक सांधा कालांतराने फुटू शकतो. आज वापरले जाणारे पीव्हीसीचे पाइप तीन किंवा सहा मीटर लांबीचे मिळतात, त्यामुळे सांधे बरेच कमी होतात. जुन्या आणि नव्या मलवाहिनीतला हा मोठा फरक आहे.

२. पाणी कुठून वर येते?

समजा, चेंबरच्या पुढे जमिनीखाली अडथळा आहे. वरच्या मजल्यांवरचे लोक पाणी वापरतच आहेत. ते पाणी खाली येऊन अडथळ्यामागे साठते आणि पातळी वर चढू लागते. वाटेत जे पहिले उघडे तोंड लागेल, तिथून ते बाहेर पडते. म्हणजे पाणी नेहमी अडथळ्याच्या वरच्या बाजूच्या, सर्वांत खालच्या पातळीवरच्या उघड्या तोंडातून बाहेर येते.

हे एक वाक्य लक्षात ठेवलेत, तर अर्धे निदान झाले. त्यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट अशी की, तळमजल्याच्या घरात पाणी आले म्हणजे तिथल्या माणसांनी काही टाकले, असे सिद्ध होत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या तेलाने पाइप बंद झाला, तरी घाण पाणी तळमजल्यावरच येणार. वरच्या मजल्यावर मात्र सगळे सुरळीत चाललेले दिसते. इमारतींमधली अनेक भांडणे हे तत्त्व माहीत नसल्याने होतात. ज्याच्या घरात मैला शिरला, त्याच्याकडूनच साफसफाईचा खर्च मागितला जातो. सामाईक मलवाहिनीची देखभाल ही सर्वसाधारणपणे संपूर्ण इमारतीची जबाबदारी असते. अडथळा सामाईक भागात आहे की एका घराच्या पाइपात, हे निदानाने दाखवता येते. म्हणून निदान केवळ तांत्रिक बाब नाही, खर्चाचा न्याय त्यावर ठरतो.

दुसरी गोष्ट गली ट्रॅपच्या जाळीची. मूळ रचनेत ही जाळी आणि चेंबरची झाकणे तळमजल्याच्या जमिनीपेक्षा खाली असतात. घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर उंच असावे, असा राष्ट्रीय बांधकाम संहितेचा दंडक आहे. त्यामुळे मलवाहिनी तुंबली, तर मैलापाणी आधी आवारात सांडते आणि घर वाचते. जाळीचे दुसरे काम हेच.

पण वर्षानुवर्षे काय होते? रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढतात. आवारात पाणी साठू नये म्हणून काँक्रीट ओतले जाते, मग त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले जातात. चेंबरची झाकणे तेवढीच वर उचलली जातात. झुरळे येतात म्हणून झाकणे सिमेंटने पक्की बंद केली जातात. अखेर तळमजल्याचे न्हाणीघर हेच सर्वांत खालचे उघडे तोंड उरते. पाइपात काहीही बदल न करता, केवळ अंगण उंच करून, आपण मैल्याला घराची वाट दाखवलेली असते.

आता दाबाचा हिशेब पाहा. अडथळ्यावर पाण्याचा एक मीटर उंचीचा स्तंभ उभा असेल, तर दाब सुमारे ९.८ किलोपास्कल असतो. उभ्या पाइपात तीन मीटर पाणी साठले असेल, तर तळाशी सुमारे २९.४ किलोपास्कल दाब येतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर आहे. म्हणून त्यावर पडणारे बल सुमारे २३१ न्यूटन, म्हणजे साधारण साडेतेवीस किलो वजनाइतके. बिडाच्या पाइपाला साफसफाईसाठी बोल्ट लावलेले छोटे दार असते. पाइप भरलेला असताना ते दार एकदम उघडले, तर मैला किती जोराने अंगावर येईल, याची यावरून कल्पना येईल. पाइप ठोकून पाहा. भरलेल्या भागाचा आवाज बद्द येतो, रिकाम्या भागाचा खणखणीत.

३. ढाळाचे गणित

मलवाहिनीत पाणी पंपाने ढकललेले नसते, ते उताराने वाहते. वेग फार कमी असेल, तर घन पदार्थ तळाशी बसतात. म्हणून घरगुती मलवाहिनीत वेग किमान ०.७५ मीटर प्रतिसेकंद असावा, असे मानतात. याला स्वयंस्वच्छता वेग म्हणतात. वेग फार जास्तही नको, कारण पाइप झिजतो. त्याची कमाल मर्यादा २.४ मीटर प्रतिसेकंद आहे.

वेग काढण्यासाठी आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांचे सूत्र वापरतात :

व = (१ ÷ न) × ज^(२/३) × ढ^(१/२)

इथे व म्हणजे वेग, न म्हणजे पाइपाच्या खडबडीतपणाचा गुणांक, ज म्हणजे जलीय त्रिज्या आणि ढ म्हणजे ढाळ. पूर्ण भरलेल्या गोल पाइपाची जलीय त्रिज्या व्यासाच्या एक चतुर्थांश असते.

*सोडवलेले उदाहरण.* १०० मिलिमीटर व्यासाचा स्टोनवेअरचा जुना पाइप ५७ मीटरला १ मीटर, म्हणजे १:५७ ढाळाने टाकला आहे. न = ०.०१५ धरून वेग काढा.

ज = ०.१ ÷ ४ = ०.०२५ मीटर. ०.०२५ चा २/३ घात = ०.०८५५.
ढ = १ ÷ ५७. त्याचे वर्गमूळ = ०.१३२५.
व = ०.०८५५ × ०.१३२५ ÷ ०.०१५ = ०.७५५ मीटर प्रतिसेकंद.

म्हणजे १०० मिलिमीटरच्या पाइपाला १:५७ हा ढाळ जेमतेम पुरतो. म्हणूनच अनुभवी गवंडी ‘फुटाला पाव इंच’ ढाळ देतात. तो १:४८ होतो. त्याच न ने वेग ०.८२ मीटर प्रतिसेकंद येतो, म्हणजे थोडी सवड राहते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पाइप लहान आहे, मोठा टाका’, असे अनेकदा सुचवले जाते. घरातून एका वेळी येणारे पाणी मर्यादित असते. मोठ्या पाइपात तेच पाणी तळाशी उथळ वाहते. पाइप अर्धा भरून वाहत असेल, तर वेग पूर्ण भरलेल्या पाइपाइतकाच असतो. पण पाण्याची खोली व्यासाच्या एक चतुर्थांश झाली, की वेग पूर्ण प्रवाहाच्या सुमारे ७० टक्क्यांवर येतो. ढाळ कमी असेल, तर पाइप मोठा करून प्रश्न सुटत नाही. ढाळ दुरुस्त करावा लागतो.

४. वय झाल्यावर पाइपाला काय होते?

*पाइप आतून अरुंद होतो.* बिडाच्या पाइपात गंजाच्या गाठी वाढतात. संडासाच्या पाइपात लघवीतल्या क्षारांचा थर बसतो. मॅनिंगच्या सूत्रानुसार पूर्ण भरलेल्या पाइपाची वहनक्षमता व्यासाच्या ८/३ घाताच्या प्रमाणात बदलते. म्हणून १०० मिलिमीटरचा मार्ग ७५ मिलिमीटर उरला, तर क्षमता तीन चतुर्थांश होत नाही, ती सुमारे ४६ टक्क्यांवर येते. ५० मिलिमीटर उरला, तर सुमारे १६ टक्केच. गंजाने खडबडीतपणा वाढतो, त्याचा तोटा वेगळाच.

*स्निग्ध पदार्थ साठतात.* तेल, तूप आणि वनस्पती तूप गरम असताना सहज वाहते आणि पुढे थंड पाइपात गोठते. कठीण पाण्यातल्या किंवा सिमेंटच्या सांध्यातल्या कॅल्शियमशी त्याची अभिक्रिया होऊन न विरघळणारा कॅल्शियम साबण बनतो. त्यात चहाचा चोथा, भाताची शिते आणि केस अडकतात. गरम पाणी ओतल्याने हा थर काही वेळा फक्त पुढच्या चेंबरपर्यंत सरकतो.

*जमीन सरकते.* काळ्या कापसाच्या मातीत, म्हणजे दख्खनच्या मोठ्या भागात, पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. स्टोनवेअरचे आखूड पाइप त्याबरोबर वरखाली होतात. मधला भाग खचला, की तिथे पाणी कायम साठून राहते आणि गाळ बसतो. असा भाग कितीही वेळा साफ केला, तरी पुन्हा तुंबतो.

*मुळे शिरतात.* सांध्याला बारीक चीर पडली, की ओलाव्याच्या ओढीने वड-पिंपळाची मुळे आत शिरतात. आत गेल्यावर त्यांचा झुपका होतो आणि तो चाळणीसारखा सगळे अडवतो.

*माणसे भर घालतात.* सॅनिटरी नॅपकिन, डायपर, कापडाचे तुकडे आणि ओले टिश्यू पाण्यात विरत नाहीत. घराचे नूतनीकरण करताना कारागीर फरशीचा चुरा आणि सिमेंटचे पाणी मोरीत ओततात. ते आत घट्ट होते आणि मग फोडल्याशिवाय निघत नाही.

*इंटरसेप्टिंग ट्रॅपची बुचे पडतात.* या ट्रॅपला सफाईसाठी वर एक तोंड असते आणि त्याला बूच असते. मैला मागे चढल्यावर दाबाने हे बूच निघून ट्रॅपमध्येच पडते आणि वाट बंद होते. सगळे आवार तुंबले आणि रस्त्यातले गटार मात्र वाहते आहे, अशा वेळी हा ट्रॅप आधी तपासायचा.

५. निदानाच्या पायऱ्या

*पायरी पहिली : पाणी वापरणे थांबवा.* अडथळ्याच्या वरच्या सर्व घरांना नळ, वॉशिंग मशीन आणि फ्लश बंद ठेवायला सांगा. त्याने तळमजल्यावर येणारे पाणी थांबते आणि निदानाला वेळ मिळतो.

*पायरी दुसरी : किती ठिकाणी तुंबले आहे, ते मोजा.*

– एकच बेसिन किंवा एकच मोरी तुंबली असेल, तर दोष त्या जागेच्या ट्रॅपमध्ये किंवा आखूड जोडपाइपात आहे.
– एका घरातली न्हाणीघर आणि मोरी दोन्ही तुंबली, पण वरचे-खालचे शेजारी ठीक असतील, तर दोष त्या घराच्या आडव्या पाइपात आहे.
– एकाखाली एक असलेल्या घरांपैकी खालच्या घरांत पाणी चढत असेल, तर दोष उभ्या पाइपाच्या तळाशी किंवा गली ट्रॅपमध्ये आहे.
– सर्व उभ्या पाइपांची पाणी न जाण्याची तक्रार असेल, तर दोष चेंबरांच्या सामाईक वाहिनीत किंवा पुढे आहे.
– फक्त जोराच्या पावसात पाणी येत असेल, तर गच्चीचे पाणी मलवाहिनीत सोडलेले आहे का, ते पाहा. तसे नसेल, तर रस्त्यातले गटारच भरून मागे येत असावे. कोलकात्याच्या जुन्या भागात एकोणिसाव्या शतकातली विटांची गटारे पावसाचे पाणी आणि मैला एकत्रच वाहून नेतात. अशा ठिकाणी हा प्रकार समजण्यासारखा आहे.

*पायरी तिसरी : आवाज आणि वास यांकडे लक्ष द्या.* पाणी जाताना गुडगुड आवाज येत असेल किंवा वरच्या मजल्यावर फ्लश केल्यावर तुमच्या नहाणी ट्रॅपमधून बुडबुडे निघत असतील, तर पाइपातल्या हवेला वाट नाही. गच्चीवरचे तोंड पक्ष्याच्या घरट्याने किंवा कोणी विटेने बंद केले आहे का, ते पाहा. पाणी नीट जाते, पण वास येतो, अशी तक्रार असेल, तर ट्रॅपमधले पाणी सुकले आहे किंवा ओढले गेले आहे. न वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात आठवड्याला एक तांब्या पाणी ओतणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

*पायरी चौथी : चेंबर उघडून पाहा.* झाकण उघडल्यावर लगेच वाकू नका. थोडा वेळ मोकळे सोडा आणि जवळ आग किंवा सिगारेट नको. एक चेंबर भरलेले आणि त्याच्या पुढचे रिकामे, तर अडथळा त्या दोघांच्या मध्येच. चेंबर अनेक असतील, तर मधल्यापासून सुरुवात करा. ते भरलेले असेल, तर पुढच्या अर्ध्यात शोधा, रिकामे असेल, तर मागच्या अर्ध्यात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही द्विभाजन शोधाची पद्धत ओळखीची वाटेल.

*पायरी पाचवी : कोणता पाइप कुठे जातो, ते ठरवा.* जुन्या इमारतीचे नकाशे क्वचितच सापडतात. साधा खाण्याचा रंग बादलीभर पाण्यात मिसळून एका ठिकाणी ओता आणि तो कोणत्या चेंबरमध्ये दिसतो, ते पाहा. ही चाचणी मलवाहिनी मोकळी असताना करायची आणि त्याचा नकाशा काढून ठेवायचा.

*पायरी सहावी : बाहेर काय आले, ते पाहा.* स्प्रिंगला तेलकट पांढरट गोळा लागला, तर दोष स्वयंपाकघरांच्या सवयीचा आहे. मुळे आली, तर सांधा फुटला आहे. गंजाच्या पापड्या आल्या, तर बिडाचा पाइप संपत आला आहे. माती किंवा स्टोनवेअरचे तुकडे आले, तर जमिनीखाली पाइप मोडला आहे आणि सफाई करत राहून उपयोग नाही.

६. एक पूर्ण उदाहरण

तीन मजल्यांची इमारत, सहा घरे आणि चार चेंबर आहेत, अशी कल्पना करा. दर दोन-तीन महिन्यांनी तळमजल्याच्या न्हाणीघरात पाणी येते. तपासणीत पहिले आणि दुसरे चेंबर भरलेले, तिसरे कोरडे आढळले. म्हणजे अडथळा दोन आणि तीनच्या मध्ये आहे. स्प्रिंग घातल्यावर तेलकट गाळ निघाला आणि पाणी वाहू लागले.

इथेच थांबलो, तर दोन महिन्यांनी हाच प्रसंग पुन्हा येईल. म्हणून ढाळ मोजायचा. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे लेव्हल ट्यूब, त्यासाठी पुरते. दोन्ही चेंबरवर एकाच पातळीची खूण करायची आणि त्या खुणेपासून पाइपाच्या तळापर्यंतची खोली मोजायची. समजा, चेंबरांमधले अंतर ८ मीटर आहे आणि दोन खोल्यांतला फरक ६० मिलिमीटर आला.

ढाळ = ६० ÷ ८००० = १:१३३. त्याचे वर्गमूळ = ०.०८६६.
व = ०.०८५५ × ०.०८६६ ÷ ०.०१५ = ०.४९ मीटर प्रतिसेकंद.

हा वेग ०.७५ पेक्षा बराच कमी आहे. १:५७ ढाळासाठी ८ मीटरमध्ये १४० मिलिमीटर उतार हवा होता. म्हणजे तेल हे तात्कालिक कारण होते, मूळ दोष ढाळाचा होता. हे ८ मीटर उकरून नव्याने टाकल्याशिवाय तक्रार थांबणार नाही. इतके मोजमाप हातात असेल, तर इमारतीच्या बैठकीत चर्चा ‘कोणी काय टाकले’ यावर न होता ‘काय दुरुस्त करायचे’ यावर होते.

७. काय करावे, काय टाळावे

बेसिन किंवा मोरी तुंबली असेल, तर रबरी पंप वापरा. आधी ट्रॅपमध्ये पंपाची वाटी बुडेल एवढे पाणी हवे आणि बेसिनचे वरचे भोक ओल्या फडक्याने बंद करायला हवे. नाहीतर दाब हवेत निघून जातो. आडव्या पाइपासाठी स्प्रिंग आणि चेंबरांमधल्या वाहिनीसाठी बांबूच्या कामट्या किंवा जेटिंग मशीन वापरतात. जेटिंगचा दाब फार असतो. फुटक्या स्टोनवेअरमध्ये किंवा गंजलेल्या बिडात तो लावण्याआधी पाइपाची अवस्था पाहून घ्यायला हवी.

ॲसिड ओतणे टाळा. हायड्रोक्लोरिक ॲसिड तेलावर फारसे काम करत नाही, पण बिडाचा पाइप आणि सिमेंटचे सांधे मात्र खाते. ते ब्लीचिंग पावडरीवर पडले, तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. पाइप मोकळा करण्याच्या भुकटीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात तो तापून उसळतो आणि डोळ्यांना गंभीर इजा करू शकतो. एक रसायन ओतून काम झाले नाही, तर त्यावर दुसरे ओतू नका. नंतर येणाऱ्या प्लंबरला काय ओतले आहे, हे न विसरता सांगा.

काही जुन्या इमारतींत ॲसबेस्टॉस सिमेंटचे पाइप असतात. ते कोरडे असताना कटरने कापल्यास निघणारी धूळ फुप्फुसांना घातक असते.

मैलापाणी घरात आले असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. जुन्या आवारांत पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी चेंबरच्या जवळच असते. टाकीचे झाकण किंवा भिंत फुटकी असेल, तर मैला तिच्यात शिरतो. कावीळ आणि विषमज्वर याच वाटेने पसरतात. शंका असेल, तर टाकी रिकामी करून, धुऊन, क्लोरीनने निर्जंतुक केल्याशिवाय ते पाणी वापरू नका.

८. चेंबरमध्ये माणूस उतरवू नका

खोल चेंबर, सेप्टिक टँक आणि गटारात हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण साधारण १०० पीपीएमच्या पुढे गेले, की नाकाला तो वास जाणवेनासा होतो. वास थांबला म्हणजे धोका टळला, असे समजून माणूस खाली उतरतो आणि काही क्षणांत कोसळतो. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच कोसळतो.

२०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यानुसार, सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला लावणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा नियम महापालिकेला आहे, तसाच खासगी व्यक्तीलाही आहे. इमारतीच्या वतीने ‘पाचशे रुपये देतो, उतर’ असे म्हणणाराही त्यात येतो. काम बाहेरून, यंत्राने करून घ्या. स्वस्तातला उपाय म्हणून कोणाचा जीव पणाला लावायचा नाही.

९. कायमचे उपाय

मोडलेला किंवा ढाळ गेलेला भाग नव्या पाइपाने बदलणे, हा पहिला उपाय. तळमजल्याची जोडणी उभ्या पाइपाला न ठेवता स्वतंत्रपणे चेंबरला नेणे, हा दुसरा. त्याने उभ्या पाइपाचा तळ तुंबला, तरी तळमजल्याच्या घरात पाणी येत नाही. अंगणाची पातळी उतरवता येत असेल तर उतरवणे, निदान गली ट्रॅपची जाळी तळमजल्याच्या जमिनीपेक्षा खाली ठेवणे, हा तिसरा. रस्त्यातले गटारच भरून मागे येत असेल, तर शेवटच्या चेंबरपाशी एकाच दिशेने उघडणारी झडप बसवता येते. मात्र झडप बंद असताना इमारतीचे स्वतःचे पाणीही बाहेर जात नाही, हे सर्व घरांना माहीत असायला हवे. आणि खरकटी, तेलकट भांडी धुण्याआधी जुन्या कागदाने पुसणे, हा उपाय फुकटचा आहे.

सारांश

पाणी जिथे दिसते, तिथे दोष असेलच असे नाही. ते अडथळ्यामागच्या सर्वांत खालच्या उघड्या तोंडातून येते. किती ठिकाणी तुंबले, कोणते चेंबर भरले आणि बाहेर काय निघाले, या तीन प्रश्नांनी दोषाची जागा आणि कारण कळते. तोच भाग पुन्हा पुन्हा तुंबत असेल, तर ढाळ मोजायला हवा.

स्वाध्याय

१. दोन चेंबरांमधले अंतर १२ मीटर आणि तळपातळीतला फरक २५० मिलिमीटर आहे. पाइप १०० मिलिमीटरचा, न = ०.०१५. वेग काढा आणि तो पुरेसा आहे का, ते सांगा. (उत्तर : ०.८२ मीटर प्रतिसेकंद, पुरेसा.)

२. इमारतीत सात चेंबर आहेत आणि अडथळा कोणत्या तरी दोन लगतच्या चेंबरांमध्ये आहे. पहिले भरलेले आणि सातवे रिकामे आहे, हे माहीत आहे. जास्तीत जास्त किती झाकणे आणखी उघडावी लागतील? (उत्तर : तीन.)

३. दुसऱ्या मजल्यावर फ्लश केल्यावर पहिल्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून बुडबुडे येतात, पण पाणी कुठेही तुंबलेले नाही. संभाव्य कारण सांगा.

४. तुम्ही राहता त्या इमारतीत किंवा वसतिगृहात चेंबरची झाकणे, गली ट्रॅपची जाळी आणि तळमजल्याची जमीन यांच्या पातळ्यांची तुलना करा. मलवाहिनी तुंबली, तर पाणी आधी कुठे बाहेर पडेल?